सहाव्या खोलीतली भाडेकरीण

या सदरात दर महिन्याला कुणाला तरी पांढऱ्या साडीतली बाई दिसते. मी ते वाचून बायकोला विचारत असे, की भुतांची साडी इतकी स्वच्छ राहते तर त्यांचा परीट कोण? मी नगरच्या एका शाळेत गणित शिकवतो. देवावर माझा विश्वास बेताचा, भुतांवर मुळीच नाही, आणि रावसाहेब-रावबहादूर या पदव्यांवर त्याहूनही कमी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुम्ही मला भित्रा म्हणाल. म्हणा. मी भ्यालो होतो... आणि अजूनही त्या ओट्यावर दिवेलागणीला एकटा बसत नाही.

लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. नगरच्या किल्ल्यात मोठे पुढारी डांबलेले, भिंगारची छावणी रोज फुगत चाललेली. माझी थोरली बहीण आक्का, लहानपणीच विधवा झालेली, मूलबाळ नाही. तिचं सोनं ट्रंकेच्या तळाशी पडून होतं. मीच तिला म्हटलं, सोनं नुसतं पडून राहतं, घर कमावतं. भिंगारच्या रस्त्याला सहा खोल्यांची एक चाळ विकायला निघाली होती. काळ्या दगडाच्या भिंती, वर पत्रे, समोर सलग लांब ओटा, अंगणात आड. पहिल्या खोलीत आक्का राहील, उरलेल्या पाच भाड्याने जातील, सोनं मोडून कमी पडेल त्यासाठी काढलेल्या पतपेढीच्या कर्जाचा हप्ता त्या भाड्यातून भागेल आणि वर आक्काचं पोट चालेल. असा हिशेब मी एका कागदाच्या चिठोऱ्यावर पाच मिनिटांत मांडला.

चाळ विकणारा म्हातारा गुत्तेदार तो हिशेब बघून म्हणाला, "मास्तर, बारा महिने धरू नका. दहा धरा."

"का?"

"खोलीला पण खाडे असतात. गड्यामाणसासारखे."

मी हसलो. छावणीपायी लोक ओसरीवर झोपायचंसुद्धा भाडं देत होते, तिथे खोली रिकामी राहील कशी? म्हाताऱ्याने तंबाखू मळली आणि "बरं" म्हटलं. गुणाकार माझा बरोबर होता. फक्त जगात रिकामा महिना नावाची वस्तू असते, हे त्यात कुठेच नव्हतं.

चाळ घेतली, आणि वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग सहाव्या, म्हणजे अगदी टोकाच्या खोलीतला, छावणीच्या डेपोतला कारकून बदलून गेला. खोली त्याच संध्याकाळी भरली असती. पण मी मालक झालो होतो ना! एकाला कुत्रं होतं, एक रात्री पेटी वाजवणार होता, एकाच्या तोंडाला वास होता. चांगल्या भाडेकरूची वाट बघता बघता खोलीला कुलूप पडून राहिलं. आणि तेवढ्यात बातमी आली, की सरकार रिकाम्या जागा छावणीसाठी ताब्यात घेतंय. पलीकडच्या रस्त्यावर एक खोली रिकामी सापडली आणि अख्खी चाळच गेली, भाडेकरूंसकट सगळे रस्त्यावर.

आक्काने फक्त एवढंच विचारलं, "मी कुठं जाऊ रे नाना? तुझ्या दीड खोलीत?"

मी स्वतः माळीवाड्यात दीड खोलीत भाड्याने राहत होतो. बायको, तीन पोरं आणि सासू. 

त्या संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो. पाचव्या खोलीत शकूरभाई शिंपी राहायचे. छावणीचे खाकी सदरे शिवायचे. मशीन चालवता चालवताच ते म्हणाले, "मास्तर, खोली भरलेली दिसली की झालं. आत माणूस पाहिजेच असं कुठं हाय?"

"माणसाशिवाय भरलेली कशी दिसेल?" आक्का म्हणाली.

आतून त्यांची बायको हलीमाबी ओरडली, "चूल पेटली की घर भरलं, आक्का!"

तिथे माझं डोकं चाललं. म्हटलं, आपण भाडेकरीणच उभी करू. कोण? तर पलटणीत गेलेल्या जवानाची बायको. सरकारच्या लढाईवर गेलेल्या माणसाच्या बायकोला घराबाहेर काढायची कुठल्या साहेबाची छाती होणार?

"नाव काय?" शकूरभाईंनी विचारलं.

"सगुणा."

"गाव?"

"पाथर्डी. तिकडची माणसं पोटासाठी बाहेर पडतातच. कोणी खोदून विचारणार नाही."

"आन नवरा?"

"रंगनाथ."

"पोरंबाळं?" हलीमाबी दारात येऊन उभी राहिली होती.

"नकोत. खोटी पोरं सांभाळणं अवघड."

"मग नवंच लगीन झालंय म्हना," ती म्हणाली, आणि आम्ही सगळे हसलो. त्या हसण्याचीसुद्धा आता मला भीती वाटते.

ठरलं असं की हलीमाबीने रोज संध्याकाळी सहाव्या खोलीत थोडा जाळ करायचा, धूर दिसला पाहिजे. मोरीत पाणी ओतायचं. दाराशी सडा-रांगोळी. आणि उंबऱ्यावर हळदकुंकू, कारण आपल्याकडे नांदतं घर ओळखायची तीच पहिली खूण. पण कुंकू लावणार कोण? माझी बायको माळीवाड्यात. हलीमाबीला सांगणं बरं दिसेना. शेवटी आक्काने ट्रंक उघडली आणि तळातून आपला जुना करंडा काढला. इतक्या वर्षांत तिने तो उघडला नव्हता.

"नाना, माझ्या हातचं चालेल का रे?"

मी तेव्हा सुधारक होतो. ऐटीत म्हणालो, "आक्का, दाराच्या लाकडाला वैधव्य कळत नाही."

हे वाक्य मला फार आवडलं होतं. शाळेतही दोघातिघांना ऐकवलं.

तिने पाचही बोटं कुंकवात बुडवून उंबऱ्यावर उठवली. त्यानंतर रोज सकाळी. आणि मग एक दिवस शकूरभाई मला म्हणाले, "मास्तर, काल हलीमा तापानं पडली हुती. जाळ केलाच न्हाई. पन धूर निघाला."

"आक्काने केला असेल."

"आक्का इथं माझ्यासमोर बसल्या हुत्या. आन भिंतीतून भाकरी थापल्याचा आवाज येतोय. रोज."

"उंदीर असतील."

"उंदीर भाकरी खातात, मास्तर. थापत न्हाईत."

मी दुसऱ्या दिवशी खोलीला स्वतःच्या हाताने कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. चोरून कुणी राहत असेल तर कळेल. साहेब आलाच तर बाई माहेरी गेलीय म्हणून सांगायचं.

साहेब रविवारी सकाळी आला. त्याला रावसाहेब म्हणायचं असतं हे त्याच्या शिपायाने आधी येऊन सांगितलं. मग छत्री आली, छत्रीखाली टोपी आली आणि टोपीखाली रावसाहेब आले. ऊन चांगलं लख्ख होतं. आक्का आणि हलीमाबी रॉकेलच्या रांगेसाठी गावात गेल्या होत्या. ओट्यावर मी आणि शकूरभाई. रावसाहेबांनी एकेका दारावर छडी वाजवली, माणसं मोजली आणि सहाव्या दाराशी आले. मी "ती माहेरी" म्हणायला तोंड उघडलं... आणि बघितलं, की दाराला कुलूप नव्हतं. दार आतून लावलेलं होतं.

छडी वाजली.

"कोन हाय?" आतून बाईचा आवाज आला.

मला वाटलं, हलीमाबी! रांग सोडून मागे फिरली वाटतं. काय हुशार बाई आहे!

"सरकारी तपासणी. नाव?"

"सगुणा."

"नवऱ्याचं नाव?"

 मग लाजल्यासारखा आवाज आला, "त्यांचं नाव कसं घिऊ?" आणि लगेच, घाईघाईने, "साहेब, तुमी सरकारातलं. ते पलटनीत हायेत. त्यांची काय खबर लागंल का? लई दिस झालं वो..."

रावसाहेबांनी छडी काखेत घातली. टोपीखाली एक माणूस आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. "चौकशी करवतो, बाई," ते म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "नाव काय त्याचं?"

मी सांगितलं, "रंगनाथ." आत बांगड्या वाजल्या.

छत्री रस्त्याला लागली, तसे शकूरभाई हळूच म्हणाले, "मास्तर, आत कोन हाय?"

"का? हलीमाबी नाही?"

त्यांनी नुसतं बोट केलं. रस्त्याच्या पार टोकाला आक्का आणि हलीमाबी येत होत्या, दोघींच्या मध्ये रॉकेलचा डबा.

मी दार ढकललं. सहज उघडलं. आत कोणी नव्हतं. मागच्या भिंतीला हात जाईल एवढा झरोका, त्यालाही गज. चूल गरम होती. आम्ही त्या खोलीत एक भांडंसुद्धा ठेवलेलं नव्हतं, आणि जमिनीवर पीठ सांडलेलं होतं, त्यात तळहाताचा ठसा. माझं कुलूप आतल्या खुंटीला टांगलेलं होतं. मिटलेलं. किल्ली माझ्या खिशात होती. मी ती इतकी घट्ट धरली होती, की तळहाताला वळ उठला.

घरी जाऊन मी स्वतःला समजावलं. कोणी निराश्रित बाई असेल, दुसरी किल्ली मिळवली असेल, आमचं बोलणं ऐकून नाटक केलं असेल. कुठून पळाली, एवढा एक मुद्दा सोडला तर सगळं बसत होतं. नापास होणाऱ्या मुलाचंही एवढंच चुकलेलं असतं.

त्यानंतर ती विचारायला लागली. दिवेलागणीला भिंतीतून, अगदी साध्या आवाजात, जशी शेजारीण विरजण मागते तशी, "खबर आली का?" शकूरभाईंनी बायकोपोरांना मिरजगावला सासुरवाडीला धाडलं. स्वतः राहिले, कारण छावणीचे सदरे द्यायचे होते. पण मशीन ओट्याच्या पार दुसऱ्या टोकाला, आक्काच्या दारात नेऊन ठेवलं.

आक्का भ्यायली नाही, आणि मला सर्वांत जास्त भीती त्याचीच वाटली. ती सहाव्या दाराशी पाट घेऊन बसायची, डाळ निवडायची आणि बोलायची. मी एकदा ऐकलं. "येईल गं. लांबून यायचं म्हणजे वेळ लागतोच." मग थांबायची, ऐकल्यासारखी, आणि मान हलवायची. मला ऐकू काही येत नव्हतं.

"आक्का, कुणाशी बोलतेस?"

"तूच ठेवलीस ना भाडेकरीण? आता विचारतोस?"

तिचं जेवण कमी झालं होतं. ताटातली अर्धी भाकरी ती पदराखाली घेऊन उठायची. मी म्हटलं, चाळ विकून टाकू. ती म्हणाली, "आणि हिला कुठं टाकू?"

थोड्या दिवसांनी रावसाहेब पुन्हा आले. एकटे. शिपाई नाही, छत्री नाही, टोपी हातात. त्यांचं टक्कल मी तेव्हाच पाहिलं. म्हणाले, "मास्तर, मी चौकशी केली. पाथर्डीकडचा, रंगनाथ नावाचा... आघाडीवर पडला. बाईंना सांगायला माझी जीभ उचलत नाही. तुम्ही सांगा." आणि निघून गेले. आमच्या चाळीकडे त्यानंतर कोणीही सरकारी माणूस आला नाही.

आक्का दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"माझ्या करंड्यातलं कुंकू होतं, नाना," ती म्हणाली.

"काहीतरी बोलू नकोस! पाथर्डी तालुक्यात रंगनाथ किती असतील! हा माणूस मी बनवलाय, याच ओट्यावर बसून!"

"असतील पुष्कळ. सगुणाचा एकच आहे."

मी म्हटलं, मग सांगू नकोस. गप्प बस. ती माझ्याकडे वळली, आणि इतक्या वर्षांत कधी न बोललेली गोष्ट बोलली. "हे गेले तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. परगावी गेले होते ना. साऱ्या आळीला ठाऊक. मी कुंकू लावून, गजरा माळून आडावर जात होते, आणि बाया माझ्याकडे बघत होत्या. ते बघणं मी अजून विसरले नाही. हिला तसं ठेवायचं नाही."

ती सहाव्या दाराशी गेली. ऊन उतरलं होतं, पण उजेड होता. "सगुणा, बाई, दार उघड. मी आहे." आत कडी निघाल्याचा आवाज झाला. आक्का आत गेली आणि दार मिटलं.

मी धावलो. ते दार मी त्या आधी एका बोटाने ढकललं होतं. आता खांदा लावला, शकूरभाईंनी खांदा लावला. दगडाची भिंत ढकलावी तसं. आत आक्काचं हळू बोलणं.  आणि मग जो हंबरडा फुटला... मी तो लिहू शकत नाही. एक बाई रडत होती आणि दुसरी "रड, रड" म्हणत स्वतःही रडत होती. शकूरभाई माझ्या शेजारी दुवा पुटपुटत होते आणि मी, देव न मानणारा, ते शब्द मला येत नाहीत म्हणून नुसता आमीन आमीन म्हणत होतो.

एकदम शांत झालं. दार आपोआप आत गेलं. आक्का जमिनीवर बसली होती, एकटी. चूल गार. तिच्या ओटीत हिरव्या काचेचे तुकडे होते, फुटलेल्या बांगड्यांचे. आक्काच्या हातात किती वर्षांत काच नव्हती.

"गेली," ती म्हणाली. "आता खोली रिकामी."

पुढच्याच आठवड्यात मी खोली दिली, पहिल्या आलेल्या माणसाला, वास-कुत्रं काही न बघता. लष्करी दवाखान्यातला कंपाउंडर आणि त्याची बायको. त्यांना काहीही त्रास झाला नाही. हलीमाबी परत आली. हप्ते सुरळीत झाले. आक्का नीट जेवायला लागली. मी हळूहळू स्वतःला पटवलं, की तो सगळा आमच्या मनाचा खेळ होता. चार माणसांच्या मनांनी आणि एका रावसाहेबाने मिळून खेळलेला.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहिलीच नसती.

लढाई संपली. माणसं परत येऊ लागली. एका दुपारी मी भाडं घ्यायला गेलो होतो. उन्हातून एक खाकी सदऱ्यातला माणूस खांद्यावर पत्र्याची ट्रंक घेऊन अंगणात आला, ट्रंक ओट्यावर ठेवली, आणि शकूरभाईंना म्हणाला, "पानी द्या वो वाईच." त्यांनी तांब्या दिला. तो घटाघटा प्यायला, गळ्याचा घाटा हलताना मी बघितला. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळलं. हाडामांसाचा माणूस होता. तांब्या परत देऊन तोंड पुसत त्याने सहाव्या दाराकडे बघितलं.

"सगुणा घरात न्हाई व्हय?"

शकूरभाईंच्या हातून तांब्या पडला.

"कोण तुम्ही?" मी विचारलं.

तो हसला. "असं काय करता, मास्तर? रंगनाथ. पाथर्डीचा."

"ती... इथे राहते असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगतंय कोन? म्याच आनून ठिवली की तिला हितं, पलटनीत जाताना. पयलं भाडं तुमच्याच हातात दिलं. इसरला?" मग त्याने सदऱ्याची बाही ओढून दाखवली. "शकूरभाई, ह्यो तुमीच शिवलेला. अजून टाका उसवला न्हाई."

शकूरभाईंनी बाही चिमटीत धरून टाका बघितला. त्यांनी छावणीसाठी हजारो सदरे शिवले होते, हे मला ठाऊक आहे. मी तोच आधार धरून बसलोय. पण त्यांनी तो टाका पुन्हा एकदा बघितला, मग बाही सोडली आणि दोन पावलं मागे सरले.

आक्का दारात आली. तो वाकून तिच्या पाया पडला. "आक्का, तुमच्या भरवशावर टाकून गेल्तो बघा."

 मीच म्हणालो, "ती गावाला गेलीय."

"गावाला?" तो गोंधळला. "गावाला तिचं कोन हाय?"

कंपाउंडर आणि त्याची बायको बाहेर गेली होती, पण सहाव्या उंबऱ्यावर तिने सकाळी लावलेलं कुंकू ताजं होतं. ते दिसलं आणि त्याचा चेहरा उजळला. "हितंच कुटं गेली आसंल. बसतो." आणि तो पायरीवर बसला, गुडघ्यांभोवती हात घालून, रस्त्याकडे बघत. आम्हा तिघांपैकी कुणाचंही त्याच्याजवळ जायचं धाडस झालं नाही. दिवे लागायच्या वेळी तो उठला, ट्रंक खांद्यावर घेतली, "येतो परत," म्हणाला आणि भिंगारच्या बाजूला चालू लागला. रस्त्याच्या वळणापर्यंत आम्हाला दिसत होता. त्याच्या ट्रंकेचा ओला चौकोन ओट्यावर होता, सांडलेल्या पाण्यातला. तो वाळेपर्यंत आम्ही तिथेच उभे होतो.

मी पाथर्डीला जाऊन आलो. रंगनाथ तिथे होते, पुष्कळ होते. सगुणाचा एकही नव्हता. रावसाहेबांना शोधलं, तर ते बदलून गेले होते. शकूरभाईंशी मी अजून वाद घालतो, पण ते फक्त विचारतात, "मास्तर, पानी पिलं का न्हाई त्यानं?"

आक्काने कंपाउंडरला माझ्याकडून दुसरीकडे जागा बघून द्यायला लावली. सहावी खोली तेव्हापासून रिकामी आहे, झाडून ठेवलेली, कुलपाशिवाय. उंबऱ्याला कुंकू नाही. करंडा तिने आडात टाकला. पतपेढीच्या हिशेबात मी आता पाच नाही, चारच खोल्या धरतो, आणि कमी पडतात ते माझ्या पगारातून घालतो. ज्यांच्या मनात खोल्या घेऊन भाड्याने द्यायचं असतं, असे शाळेतले सहकारी माझा सल्ला विचारतात. मी सांगतो, खाडे धरा. आणि खोली रिकामी असेल तर ती रिकामीच आहे म्हणा.

तो परत आला नाही. अजून तरी नाही. पण दर संध्याकाळी आक्का रस्त्याकडे तोंड करून बसते, आणि मी गेलो की एकच गोष्ट विचारते.

"नाना, मी तिला खोटं सांगितलं का रे?"

मी गणिताचा मास्तर आहे. मला याचं उत्तर येत नाही.